तुम्ही आदिवासी कशावरून? जमातीच्या दाखल्यासाठी स्वतःची गोष्ट सांगावी लागते तेव्हा...

कुलदैवत कोणते, लग्न कसे लागते, बोली कोणती? जमातीची वैधता मिळवताना असे प्रश्न विचारले जातात. या उत्तरांवर कुणाची ओळख किती ठरवायची, याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये महत्त्वाचा निकाल दिला. शहापूर-मुरबाडच्या वाड्यांमध्ये त्याचा अर्थ काय होतो, समजून घेऊ.

समजा, शहापूर तालुक्यातील शेणव्याजवळच्या एखाद्या ठाकरवाडीतील मुलगी बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली. सीईटीत गुण बरे मिळाले. अभियांत्रिकीला अनुसूचित जमातींसाठी ७ टक्के जागा राखीव असतात, त्यात तिचा नंबर लागू शकतो. तिच्याकडे जमातीचा दाखला आहे. प्रवेशाच्या यादीत मात्र आणखी एक कागद लिहिलेला असतो, जमात वैधता प्रमाणपत्र. त्यासाठी ठाण्यातील तपासणी समितीकडे अर्ज करावा लागतो.

समितीचे कागदांवरून समाधान झाले नाही तर चौकशीला माणसे घरी येतात. आजीला विचारतात, देव कोणते? मुलीला विचारतात, तुमच्यात लग्न कोण लावते? मयत झाल्यावर काय करतात? सण कोणते, नाच कोणता, घरात कोणती भाषा बोलता?

आजीला सगळे माहीत असते, पण अधिकाऱ्यासमोर ती दोन वाक्यांच्या पुढे बोलत नाही. मुलगी धीटपणे बोलू शकते, पण ती पहिलीपासून आश्रमशाळेत राहिली आहे, तिला यातले निम्मे ठाऊक नसते. ज्या घराची ओळख तपासायची, त्या घराची गोष्ट अशी दोघींत वाटली गेलेली असते.

ही मुलगी काल्पनिक आहे. तिच्यापुढचा पेच मात्र खरा आहे, आणि गेली तीस वर्षे तो राज्यभरातील न्यायालयांत गाजतो आहे.

दाखला आणि वैधता यांत फरक काय?

जमातीचा दाखला उपविभागीय अधिकारी म्हणजे प्रांत देतात. शहापूर तालुका भिवंडी उपविभागात येतो आणि मुरबाड कल्याण उपविभागात. अर्ज सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातून जातो.

वैधता प्रमाणपत्र ही त्याच्या पुढची पायरी. दाखल्यातला दावा खरा आहे का, याची तपासणी करून अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समिती ते देते. राखीव जागेवरचा व्यावसायिक शिक्षणाचा प्रवेश, सरकारी नोकरी, राखीव मतदारसंघातील निवडणूक अशा प्रत्येक ठिकाणी ते लागते.

हे सगळे ज्या कायद्याखाली चालते, तो महाराष्ट्राचा २००० चा जातप्रमाणपत्र कायदा. तो २००१ चा २३ वा अधिनियम म्हणून ओळखला जातो. अनुसूचित जमातींसाठीचे नियम २००३ मध्ये आले. कायद्याचे कलम ८ लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपण त्या जमातीचे आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावरच असते. ‘तुम्ही नाही’ हे सरकारने सिद्ध करायचे नसते, ‘आम्ही आहोत’ हे तुम्ही सिद्ध करायचे असते.

समितीने दावा फेटाळला तर दाद फक्त उच्च न्यायालयात मागता येते. मधे दुसरे अपील नाही. वाडीतल्या कुटुंबासाठी याचा अर्थ मुंबईला जाणे, वकील करणे आणि तोवर प्रवेशाची मुदत टळणे.

एवढी तपासणी सुरू का झाली?

राज्यघटनेखालील अनुसूचित जमातींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा. त्यामुळे जमातीच्या दाव्यात हीच तारीख मानीव दिनांक धरली जाते. आपले पूर्वज त्या दिवशी कुठे राहत होते आणि कोण होते, हा प्रश्न आजच्या विद्यार्थ्यालाही सुटत नाही.

सुरुवातीला यादीत जमातींच्या नावापुढे क्षेत्रेही लिहिलेली होती. ठाकूर-ठाकर जमातीला ठाणे, कुलाबा, नाशिक, पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील ठरावीक तालुक्यांतच मान्यता होती. त्यात मुरबाड आणि शहापूर ही नावे होती. म्हणजे शेणवा परिसरातील ठाकर यादीत आले, पण यादीबाहेरच्या तालुक्यात स्थायिक झालेला त्यांचा भाऊबंद बाहेर राहिला.

हे क्षेत्रबंधन संसदेने १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने उठवले. दुरुस्ती २७ जुलै १९७७ पासून लागू झाली. अन्याय दूर झाला, पण त्याबरोबर नवा प्रश्न उभा राहिला. राज्यातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेत सुमारे २९.५ लाख होती. १९८१ मध्ये ती सुमारे ५७.७ लाख झाली. दहा वर्षांत जवळपास दुप्पट. त्यातला मोठा भाग क्षेत्रबंधनामुळे आधी न मोजल्या गेलेल्या आदिवासींचा होता. पण नावातल्या साधर्म्याचा फायदा घेणारे लोकही त्यात घुसल्याची तक्रार तेव्हापासून सुरू झाली.

नावाचे साधर्म्य हा इथला कळीचा मुद्दा. यादीत ४४ व्या क्रमांकावर ठाकूर, ठाकर, क ठाकूर, क ठाकर, म ठाकूर, म ठाकर अशी नावे आहेत. पण ‘ठाकूर’ हे आडनाव आदिवासी नसलेल्या अनेक समाजांतही आहे. ‘कोळी’चेही तसेच. महादेव कोळी आणि मल्हार कोळी यादीत आहेत, किनाऱ्यावरचे सोनकोळी नाहीत. हलबा यादीत आहेत. हलबा-कोष्टी नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००० मध्ये स्पष्ट केले. यादी जशी आहे तशीच वाचायची, तिच्यात चौकशी करून नवे नाव घालायचे नाही, असा त्या निकालाचा सांगावा होता.

आप्तभाव चाचणी म्हणजे काय?

सर्वोच्च न्यायालयाने २ सप्टेंबर १९९४ रोजी दोन बहिणींच्या महादेव कोळी असल्याच्या दाव्यावर निकाल दिला. त्यांचा दावा फेटाळला गेला. वडिलांच्या जुन्या शाळेच्या नोंदीत जात वेगळी होती. पण या निकालाचे महत्त्व त्याहून मोठे आहे. देशभर जात-जमातीचे दावे कसे तपासायचे, याची कार्यपद्धतीच न्यायालयाने त्यात घालून दिली. तपासणी समिती, तिच्या हाताखाली पोलीस अधिकाऱ्यांचे दक्षता पथक, गावी जाऊन चौकशी, शाळेच्या मूळ नोंदींची पाहणी, हे सगळे तिथून आले. महाराष्ट्राचा कायदा त्याच पायावर उभा आहे.

जमातीच्या दाव्यात आणखी एक गोष्ट पाहायची, असे त्या निकालात सांगितले होते. दैवते, विधी, चालीरीती, लग्नाची पद्धत, मृत्यूनंतरचे संस्कार, दफनाची रीत. अर्जदाराने सांगितलेल्या गोष्टी त्या जमातीच्या परंपरेशी जुळतात का, हे संशोधन अधिकारी पाहतो. यालाच आप्तभाव चाचणी, म्हणजे ‘अ‍ॅफिनिटी टेस्ट’ म्हणतात.

ही परंपरा अमुक एक आहे हे ठरवायचे कशावरून? आधार असतो तो मानववंशशास्त्राच्या पुस्तकांचा, जुन्या गॅझेटियरचा आणि पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडील माहितीचा. ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८२ चे. एन्थोव्हेन यांचे मुंबई इलाख्यातील जाती-जमातींवरील खंड १९२० ते १९२२ या काळातले. सह्याद्रीतील ठाकरांवर ल. ना. चापेकर यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १९६० चे. ही मोलाची कामे आहेत. पण लिहिणाऱ्याने त्या काळात, त्या वाड्यांमध्ये जे पाहिले ते त्यांत आहे. २००५ किंवा २००८ मध्ये जन्मलेल्या मुलीने त्याच्याशी जुळणारे उत्तर द्यावे, ही अपेक्षा अवघड आहे.

मग गोची कुठे होते?

पहिली गोची शिक्षणाची. आदिवासी मुलांनी शिकावे म्हणून सरकारने आश्रमशाळा काढल्या. मूल सहाव्या-सातव्या वर्षी घर सोडते आणि सुट्टीपुरते परत येते. शाळेत पुस्तकी मराठी बोलते, शाळेतलेच सण साजरे करते. बोली ऐकू येते, पण जिभेवर राहत नाही. पुढे हीच शिकलेली मुले वैधतेसाठी अर्ज करतात. सरकारच्याच शाळेने जे विसरायला लावले, तेच सरकारी चौकशीत विचारले जाते.

दुसरी गोची बदललेल्या रोजगाराची. कातकरी हे नाव काथावरून आले. खैराच्या लाकडापासून काथ काढणे हा त्यांचा जुना धंदा. जंगलावर निर्बंध आले आणि तो कधीच संपला. शहापूर, मुरबाडच्या कातकरीवाड्यांतील कुटुंबे आज दिवाळीनंतर भिवंडी, कल्याण, रायगडकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. ‘तुमचा पारंपरिक व्यवसाय कोणता’ या प्रश्नाला कातकरी मुलगा काय उत्तर देणार? त्याच्या जमातीचे नाव ज्या कामावरून पडले, ते काम त्याच्या आजोबांनीही केलेले नसेल.

तिसरी गोची बदललेल्या रीतींची. वारली लग्नात धवलेरी गाऊन लग्न लावते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण आज वाडीतल्या लग्नाला छापील पत्रिका असते, मांडवात डीजे असतो, काही घरांत भटजीही येतो. गणपती बसतो, नवरात्र होते. कुणी वारकरी होतो, गळ्यात माळ घालतो, देवाला बोकड देणे सोडतो. यातले काहीही केले म्हणून कुणी वारली किंवा ठाकर राहत नाही, असे थोडेच आहे? मुंबई-पुण्यातल्या मराठी माणसाने आजोबांच्या काळातले सगळे विधी सोडले तरी त्याची जात कुणी तपासायला येत नाही.

चौथी गोची म्हणजे एकाच जमातीतही रीती सगळीकडे सारख्या नसतात. सिंधुदुर्गातील कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळासाठी ओळखले जातात. तेथील परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मुरबाडच्या डोंगरातल्या ठाकराने चामड्याची बाहुली कधी हातात घेतलेली नसते. पिंगुळीच्या ठाकराला माळशेजच्या पायथ्याचा कांबड नाच येत असेल असेही नाही. मोजपट्टी कुणाची धरायची?

सर्वोच्च न्यायालयाने काय सांगितले?

नोव्हेंबर २०११ मध्ये हलबी जमातीच्या एका दाव्यावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. स्वातंत्र्यपूर्व काळातील कागदाला पुरावा म्हणून जास्त वजन द्यावे. आणि आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी मानू नये, कारण स्थलांतर, आधुनिकीकरण आणि इतर समाजांशी आलेला संबंध यांमुळे जमातींच्या रीती बदलतात.

तरीही प्रत्यक्षात गोंधळ राहिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००९ मध्ये ही चाचणी तपासणीचा अविभाज्य भाग मानली होती. सर्वोच्च न्यायालयाच्याही वेगवेगळ्या निकालांत सूर वेगळे होते. अखेर महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात हा प्रश्न तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे गेला. न्या. संजय किशन कौल, न्या. अभय ओक आणि न्या. मनोज मिश्रा यांच्या पीठाने २४ मार्च २०२३ रोजी निकाल दिला. निकालपत्र न्या. ओक यांनी लिहिले.

त्यातील मुद्दे सोप्या भाषेत असे:

• आप्तभाव चाचणी ही लिटमस चाचणी नाही. तिच्या एकटीच्या निकालावर दावा खरा किंवा खोटा ठरवता येणार नाही. बाकीच्या पुराव्यांबरोबर ती पाहायची.

• प्रत्येक प्रकरण दक्षता पथकाकडे पाठवणे बंधनकारक नाही. आधी कागद पाहायचे. त्यावर समितीचे समाधान झाले नाही तरच चौकशी.

• वडील किंवा सख्खे काका अशा वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला रीतसर चौकशीनंतर वैधता मिळाली असेल, तर ती मोठा पुरावा. मात्र ती खरी आहे का, चौकशी होऊनच मिळाली का आणि नाते खरे आहे का, हे समितीने तपासायचे.

निकालातील एक तर्क विशेष आहे. अनेक दशके शहरात राहिलेल्या कुटुंबातील मुलाला जमातीच्या चालीरीती माहीत नसण्याची शक्यता असते. उलट, त्या जमातीचा नसलेल्या माणसाने अभ्यास करून सगळी उत्तरे पाठ केलेली असू शकतात. म्हणजे या परीक्षेत खरा नापास होऊ शकतो आणि खोटा पास. ज्या कसोटीचे असे होऊ शकते, ती एकटीच निर्णायक कशी धरायची?

पण कागदच नसेल तर?

निकालाने कागदाला पुढे केले, गोष्टीला मागे. शहरात गेलेल्या, चार पिढ्या शिकलेल्या कुटुंबाला यामुळे दिलासा मिळाला. वाडीत मात्र चित्र उलटे असते. तिथे गोष्ट जिवंत असते, कागद नसतो.

जुन्या माणसांच्या शाळेच्या दाखल्यांवर जन्मतारीख बघा. १ जून, १ जून, १ जून. शाळा जूनमध्ये उघडायची. मास्तर मुलाकडे बघून वयाचा अंदाज घ्यायचे आणि तारीख टाकायचे. जात लिहितानाही तेच. कुठे ‘हिंदू ठाकूर’, कुठे ‘हिंदू ठाकर’, कुठे नुसतेच ‘हिंदू’. लिहिणाऱ्याच्या एका शब्दाने पुढच्या तीन पिढ्यांची फाइल अडते. आणि हे शाळेत गेलेल्यांचे झाले. ज्यांचे आजोबा-पणजोबा शाळेतच गेले नाहीत, सातबाऱ्यावर ज्यांचे नाव कधी लागले नाही, त्यांच्याकडे १९५० पूर्वीचा कागद येणार कुठून?

कातकऱ्यांची स्थिती सर्वांत बिकट. महाराष्ट्रात केंद्राने विशेष असुरक्षित आदिम जमाती म्हणून मान्य केलेल्या तीन जमाती आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. भट्टीवर जन्मलेल्या मुलाची नोंद ना भट्टीच्या गावात होते, ना वाडीच्या ग्रामपंचायतीत. जन्म होऊन वर्ष उलटले की नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. जन्मदाखला नाही म्हणून आधार अडते, आधार नाही म्हणून शिधापत्रिका आणि बँक खाते.

यावर उपाय म्हणून कागद नसलेल्या कुटुंबांसाठी गृहचौकशी करून दाखला देण्याचा मार्ग वापरला जातो. तलाठी, मंडळ अधिकारी वाडीत येतात, शेजाऱ्यांचे आणि वडीलधाऱ्यांचे जबाब घेतात, त्यावर प्रांत दाखला देतात. म्हणजे इथेही पुन्हा गोष्टच सांगावी लागते, फक्त ती ओळखीच्या माणसांत आणि आपल्याच अंगणात.

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी झारखंडमधील खुंटी येथून सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात देशातील ७५ आदिम जमातींसाठी २४,१०४ कोटी रुपयांची तरतूद आहे. त्यात घरे, रस्ते, पाणी यांबरोबरच आधार, जातीचा दाखला, बँक खाते यांची शिबिरे वाड्यांपर्यंत नेण्याचे काम आहे. शहापूर येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे. पण शिबिर भट्टीच्या हंगामात लागले तर वाडीत म्हातारी माणसेच सापडतात. आषाढात, लावणीच्या दिवसांत लागले तर सगळे घर सापडते.

मग तपासणी नकोच का?

असे आदिवासी संघटनाही म्हणत नाहीत. उलट तपासणी कडक हवी, ही त्यांचीच जुनी मागणी आहे. खोट्या दाखल्यावर एखाद्याने राखीव जागा घेतली तर ती शेणव्याच्या किंवा मुरबाडच्या एखाद्या मुलाची जागा असते.

६ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, दावा अवैध ठरला तर त्यावर मिळालेली नोकरी किंवा प्रवेश टिकणार नाही. कितीही वर्षे नोकरी झाली असली तरी नाही. त्यानंतर राज्य सरकारने २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना ११ महिन्यांसाठी अधिसंख्य पदांवर वर्ग करण्याचे ठरवले. त्यांच्यामुळे अडलेल्या जागा खऱ्या आदिवासींना द्या, ही मागणी आजही होते. मोर्चे आणि निवेदनांत १२,५०० पदांचा आकडा वारंवार येतो.

म्हणजे एकाच चाळणीला दोन्हीकडून दोष दिला जातो. भोके मोठी म्हणून खोटे आत येतात आणि भोके लहान म्हणून खरे बाहेर अडकतात. चाळणी फेकून देणे हा उपाय नाही. पण तिच्यातून कुणाला गाळायचे आहे, हे विसरून चालणार नाही.

बाहेरच्या जगात काय घडले?

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील मॅशपी गावच्या वॅम्पनोआग लोकांनी १९७६ मध्ये जमिनीसाठी दावा केला. न्यायालयाने आधी एकच प्रश्न काढला, तुम्ही जमात आहात का? १९७७ च्या अखेरीस बोस्टनमध्ये खटला चालला. हे लोक इंग्रजी बोलतात, चर्चमध्ये जातात, शेजाऱ्यांशी लग्ने करतात, मग जमात कसली, असा प्रतिवाद झाला. जानेवारी १९७८ मध्ये ज्युरीचा कौल त्यांच्या विरोधात गेला. त्याच लोकांना अमेरिकी सरकारने २००७ मध्ये जमात म्हणून मान्यता दिली. मधली तीस वर्षे ते तेच होते.

कॅनडात उलटे घडले. गिटक्सन आणि वेट्सुवेटेन या आदिवासी लोकांनी आपल्या जमिनीवरचा हक्क सांगताना पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेल्या कथा आणि गाणी न्यायालयात मांडली. कनिष्ठ न्यायालयाने त्यांना फारशी किंमत दिली नाही. ११ डिसेंबर १९९७ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मौखिक इतिहासालाही पुरावा म्हणून योग्य स्थान द्यावे लागेल, नाहीतर लेखी कागद नसलेल्या लोकांना न्याय मिळणेच अशक्य होईल.

दोन्ही उदाहरणांत फरक एका गोष्टीचा आहे. पहिल्या ठिकाणी लोकांची गोष्ट त्यांना नापास करण्यासाठी ऐकली गेली. दुसऱ्या ठिकाणी ती समजून घेण्यासाठी.

घरात आज काय करता येईल?

बारावीच्या निकालानंतर धावपळ करण्यापेक्षा अकरावीतच तयारी सुरू केलेली बरी. काही गोष्टी घरबसल्या होतात, काहींसाठी एखादा दिवस मोडावा लागतो.

• वंशावळ लिहा. वहीच्या एका पानावर पणजोबांपासून नावे. मुलींची, लग्न होऊन गेलेल्या आत्यांची आणि वेगळ्या गावी गेलेल्या चुलत्यांचीही. घरात कुणाला वैधता मिळाली असेल तर त्याची प्रत आणि नाते दाखवणारा कागद एकत्र ठेवा.

• शाळेचा जुना दाखला शोधा. आजोबा किंवा त्यांचे भाऊ ज्या शाळेत गेले, तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांकडून मिळतो. आजोबा शाळेत गेले नसतील, पण त्यांचा धाकटा भाऊ गेला असेल. त्याची नोंदही उपयोगी पडते.

• तहसील कार्यालयात गाव नमुना १४ विचारा. जुन्या जन्म-मृत्यू नोंदींत जातही लिहिलेली असायची. कोतवाल बुकातही अशा नोंदी सापडतात. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतील तर मोडी जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते.

• जमिनीचे जुने फेरफार पाहा. कूळ म्हणून किंवा वारस म्हणून पूर्वजांचे नाव आणि जात लागलेली असू शकते.

• नावातला फरक आधीच दुरुस्त करा. एका कागदावर ‘ठाकर’ आणि दुसऱ्यावर ‘ठाकूर’, एकीकडे आडनाव आणि दुसरीकडे जमातच आडनाव म्हणून, असे असेल तर ते लपवू नका. अर्जासोबत खुलासा लिहून द्या. खाडाखोड कधीही करू नका. मूळ रजिस्टर तपासले जाते आणि तिथे खरा दावाही फसतो.

• आजी-आजोबांना बोलते करा. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. देव, सण, नाच, लग्न, मयत, आधीची वाडी कोणती, तिथून इथे का आलो. चौकशीत पाठ केलेले उत्तर देण्यासाठी हे करायचे नाही. जे माहीत नाही ते ‘माहीत नाही, आजीला विचारा’ असे सांगणे केव्हाही चांगले.

यातली शेवटची गोष्ट समितीसाठी म्हणून सुरू होईल, पण तिचा उपयोग तेवढाच नाही. एरवी कामाच्या आणि शाळेच्या धबडग्यात जे प्रश्न घरात कुणी विचारत नाही, ते या निमित्ताने विचारले जातात. आपण या वाडीत कधी आलो? आपला देव त्या झाडाखाली का? आजाने जमीन का सोडली?

संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडमधील ७७ गावे घटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली अनुसूचित क्षेत्र आहेत. इथे आदिवासी राहतात, हे सरकारच्याच नकाशावर लिहिलेले आहे. तरीही त्यातल्या एका घरातल्या मुलीला ‘तू कशावरून?’ हे विचारले जाते, आणि खोट्या दाव्यांमुळे ते विचारावेही लागते. २०२३ च्या निकालाने एवढे नक्की केले आहे की, तिला कांबड नाच येत नाही म्हणून ती ठाकर नाही, असे आता कुणाला एवढ्यावरून म्हणता येणार नाही. तिच्या आजीकडे कागद नाही म्हणून ती ठाकर नाही, असेही कुणाला म्हणता येऊ नये. त्यासाठीचे काम अजून वाडीवाडीत व्हायचे आहे.